मावेजाचे ४१ लाख आणि दारात चार गॅरंट्या : जोखीम मोजायची कशी?

सेलूकर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

जालना-नांदेड द्रुतगती मार्गात आमची साडेतीन एकर जमीन गेली. मावेजा ४१ लाख, वडिलांच्या खात्यावर. पैसे जमा झाल्याची बातमी बहुतेक बँकेच्या मेसेजच्या आधी गावात पोचली होती, कारण आठ दिवसांत चौघं जण घरी चहा पिऊन गेले.

पहिले बँकेतले साहेब, जिथं खातं आहे तिथलेच. दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं भरा आणि वीस वर्षं पूर्ण झाली की ६० लाख घ्या. "तिसाचे साठ, दुप्पट, लेखी गॅरंटी." दुसरा माझा चुलत मेहुणा, विमा एजंट, बोनसवाली पॉलिसी घेऊन. तिसरे एका मल्टिस्टेट पतसंस्थेचे शाखाधिकारी, साडेबारा टक्के आणि वर चांदीचं नाणं. चौथा भाच्याचा मित्र. फोन काढून म्युच्युअल फंडाचा आलेख दाखवत होता. डावीकडून उजवीकडं चढतच गेलेला.

चौघांनीही एक वाक्य मात्र सारखंच म्हटलं : "काका, ह्यात रिस्क नाही."

माझं वय ३४, जिंतूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, पगार अनुदानित. बायको, चार वर्षांची मुलगी. गावी आई, वडील (६६) आणि धाकटा भाऊ (२९). तोच शेती बघतो. आता साडेपाच एकर उरली, दुधनेचं पाणी कालव्याला सुटलं तर सुटलं.

कशात किती टक्के मिळतात ते सगळे सांगतात. कशात काय बुडू शकतं, हे आपण कसं ओळखायचं?

औंढेकर | सोमवार, रात्री १०.२५

मास्तर, आधी बँकेच्या कागदावर बोलू. "दुप्पट" म्हटलं की किती वर्षांत, हे विचारायचं. तुमचा पहिला हप्ता २० वर्षं पडून राहणार, दहावा ११ वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं. दुप्पट होण्याचा अंदाजे दर काढायला ७२ ला वर्षांनी भागतात. ७२ ला साडेपंधरानं भागा, साडेचारच्या जरा वर येतं. चक्रवाढीनं नीट मांडून पाहिलं तर ४.५ टक्के.

पोस्टाचं किसान विकास पत्र एप्रिल २०२३ पासून साडेसात टक्क्यांवर आहे. दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. हेच तीन-तीन लाख दहा वर्षं साडेसातनं ठेवले आणि विसाव्या वर्षापर्यंत तसेच चालले तर ९४ लाख होतात. पोस्टाच्या व्याजावर कर लागतो आणि ह्या पॉलिसीच्या रकमेवर लागणार नाही (वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या आत आहे), ते धरलं की फरक कमी होईल. शिवाय पोस्टाचा दर वीस वर्षं हाच राहील असं कुणी लिहून देत नाही, आणि बँकेचे साहेब लिहून देतायत. तेवढा एक गुण त्यांच्या पारड्यात टाका.

आता दुसरी बाजू. महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे ६० लाख म्हणजे आजचे पावणेएकोणीस लाख. ह्याला कुणी "बुडाले" म्हणत नाही. पण रस काढून घेऊन चिपाड हातात दिल्यासारखं आहे.

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०.५०

लातूरच्या मोंढ्यात आमचं अडतीचं दुकान. आमी शेकड्यानं बोलतो. वर्षाला साडेचार टक्के म्हणजे महिन्याला शेकडा साडेसदतीस पैसे. ह्या भावानं कुणी आमाला उसने पैसे देलालं असंल तर त्याला चहा पाजून आनखी दोन लाख ठेवून जा म्हणू.

आन् गॅरंटीचं काय घेऊन बसलात? हमीभावात बी हमीच हाय की. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता. मोंढ्यात काय भावानं गेलं ते मी सांगायची गरज नाही.

विमासखा | सोमवार, रात्री ११.१५

मी नांदेडचा, २२ वर्षं विमा प्रतिनिधी. शिव्या खायची सवय आहे, तेव्हा मोकळेपणानं बोला.

औंढेकरांचं गणित बरोबर आहे. पण माणूस गणितानं पैसे ठेवत नाही. माझ्या ज्या ज्या गिऱ्हाइकांनी पॉलिसी मोडून "चांगल्या ठिकाणी" पैसे टाकायचं ठरवलं, त्यातल्या कितीतरी जणांच्या पैशाची बुलेट झाली, नाहीतर लग्नात मांडव झाला. पॉलिसीला सहज हात लावता येत नाही, हाच तिचा उपयोग.

दुसरं. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीला १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ नं केंद्र सरकारची हमी आहे, विमा रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला सुद्धा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंतच विमा, तोही फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी एकच लाख होता. खासगी विमा कंपन्यांनाही नियामकाच्या नियमानं सॉल्व्हन्सी रेशो (देणी फेडायच्या ऐपतीचं माप) किमान १.५ ठेवावाच लागतो. कंपनी बुडण्याची भीती ही विम्यातली सगळ्यात लहान भीती.

कमिशन मिळतं, लपवत नाही. पहिल्या वर्षी भरपूर, पुढं थोडं. पण वीस वर्षांनी मी तुमच्या गल्लीतच असेन. त्या साहेबांची बदली झालेली असेल.

पिंपळपार | सोमवार, रात्री ११.२०

बदलीला +१. आमच्याकडं तर पॉलिसीचा बॉंड यायच्या आधी झाली.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७.०५

मल्टिस्टेटचं मी बोलतो, कारण माझे सात लाख चाळीस हजार एका मल्टिस्टेटमध्ये अडकलेत. नाव घेत नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसाला नाव सांगावं लागत नाही.

मला १२ टक्के मिळत होते. शाखेत एसी, काचेचं दार, कॅशियर अदबीनं बोलणारा. सरकारी बँकेत जिथं पासबुक भरायला तीन खिडक्या फिराव्या लागतात तिथं ही माणसं घरी येऊन पावती देत. दार बंद झाल्यावर कळालं की ही बँक नव्हतीच. मल्टिस्टेट म्हणजे २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखालची पतसंस्था. निबंधक दिल्लीला. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, म्हणून वर विमासखांनी सांगितलेला ५ लाखांचा ठेवविमा पण नाही. राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्याखाली गुन्हा दाखल झाला. पावत्यांच्या झेरॉक्स किती जागी दिल्या ते मोजायचं सोडलं. आई आधी दर सोमवारी विचारायची, "काही कळालं का रे?" आता विचारत नाही.

मास्तर, मी सात लाख घालवून एक मोजमाप शिकलो, तुम्हाला फुकट देतो. मोठी बँक साडेसहा देते आणि हे साडेबारा देतात. मधले सहा टक्के म्हणजे तुमचं मुद्दल धोक्यात घातल्याचं भाडं. भाडं वेळेवर येतं तोवर घर आपलंच वाटतं.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी | मंगळवार, सकाळी ९.३०

गोदाकाठ, वाईट वाटलं.

म्युच्युअल फंडाबद्दल थोडक्यात. तो मुलगा आलेख दाखवतो त्यात उतार दिसत नाहीत कारण त्यानं वीस वर्षं बोटभर पडद्यावर दाबून बसवलेली असतात. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात होता, मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. परत २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० मध्ये निफ्टी दोन महिन्यांत १२,३६२ वरून ७,६१० वर आला आणि त्याच नोव्हेंबरात भरून निघाला. दोन्ही वेळा भरलं. पण मधल्या काळात ज्याला ऑपरेशनला पैसे लागले, त्याचं भरलं नाही.

प्रत्येक योजनेवर सेबीनं जोखीममापक छापायला लावलाय, सहा पायऱ्यांचा, "कमी" पासून "अति उच्च" पर्यंत. शेअरच्या योजनांचा काटा जवळजवळ नेहमी शेवटच्या घरात असतो. तो मुलगा "रिस्क नाही" म्हणाला तेव्हा त्याच्याच फोनवर ते चित्र उघडून दाखवायचं होतं.

आणि डेट फंड (शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे लावणारा फंड) म्हणजे मुदत ठेव असंही समजू नका. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीनं सहा डेट योजना एका रात्रीत गोठवल्या. पैसे मिळाले, हप्त्याहप्त्यानं. माझे त्यात होते, फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले.

गुरुजी_निवृत्त | मंगळवार, दुपारी ४.१०

माझं वय ७४. मुलगा टंकून देतो आहे.

हा गोठण्याचा प्रकार नवा नाही. नव्वदच्या दशकात आम्हा शिक्षकांत युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेचे युनिट नाहीत असं घर शोधावं लागलं असतं. सरकारचंच आहे म्हणून घेतलं. २ जुलै २००१ रोजी त्यांनी खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न त्या डिसेंबरात होतं. पैसे गेले नाहीत, पण लग्नाला नव्हते. सोनं मोडलं. तेव्हापासून मी "बुडेल का?" ह्याच्या आधी "हव्या त्या दिवशी हातात येईल का?" हे विचारतो.

दुसरी गोष्ट धाग्यात कुणी काढली नाही. १९९३ ला मी औशाला होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. पुढचे काही महिने आम्ही शिक्षक किल्लारी परिसरात कागदपत्रांच्या कामाला होतो. मातीच्या धाब्याखाली पेट्या गेल्या, पेट्यांत पॉलिश्या. कोणत्या शाखेची, कोणत्या नंबरची, हे घरात एकट्या कर्त्याला माहीत, आणि तोच गेलेला. एका बाईंना नवऱ्याचा विमा होता हे एजंटानं शोधत येऊन सांगितलं तेव्हा कळलं. (विमासखा, ही तुमच्या बाजूची गोष्ट.) तेव्हापासून माझी यादी एक माझ्याकडं, एक जावयाकडं असते.

सेलूकर | बुधवार, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. पण एक घोळ झालाय.

काल कॉलेजातून थेट गावी गेलो. औंढेकरांचं गणित वडिलांना समजावून सांगत होतो, तर ते गप्प. मग आई म्हणाली, "ते तर झालं की रे." बँकेचे साहेब मागच्या आठवड्यात टॅब घेऊन आले होते. पॉलिसी धाकट्या भावाच्या आयुष्यावर, पैसे भरणारे वडील. तीन लाख कापून गेले. कंपनीचा फोन येईल, काहीही विचारलं तरी "हो" म्हणा, असं साहेबांनी शिकवून ठेवलेलं. दोघांनी "हो, हो" केलं. वडिलांची समजूत अशी की ही एफडी आहे आणि वर्षानं काढता येईल.

भावाच्या फोनवर पाच दिवसांपूर्वी पॉलिसीची लिंक आलीय. आता काय करावं?

अबोली | बुधवार, सकाळी ८.१५

घाबरू नका, वेळ आहे. मी अकरा वर्षं बँकेत होते, ह्याच टेबलावर. टार्गेट न झालेल्या महिन्यात संध्याकाळी साडेसातला बसवून ठेवायचे. म्हणून त्या साहेबांना मी राक्षस म्हणणार नाही, पण फोनवर "हो म्हणा" शिकवणं हे गुन्ह्याच्या कडेवरचं आहे.

पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो. आधी कागदी पॉलिसीला १५ दिवस होते, २०२४ च्या नियमांपासून सगळ्यांना ३०. ह्या काळात कारण काहीही द्या, पॉलिसी रद्द करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखीम-हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत. लिंक उघडल्याची तारीख स्क्रीनशॉट काढून ठेवा.

अर्ज बँकेत नुसता देऊ नका. तिथं तो ड्रॉवरमध्ये ३१ व्या दिवसाची वाट बघतो, मी बघितलंय. थेट विमा कंपनीला लेखी द्या, पोच घ्या, सोबत रद्द केलेला चेक. आणि प्रस्ताव अर्जावर ई-मेल कुणाचा आहे ते आधी बघा.

सेलूकर | बुधवार, सकाळी ८.४०

ई-मेल बघितला. भावाच्या नावानं आहे पण भावाला माहीत नाही. साहेबांनी तिथंच बसून बनवला म्हणे.

अबोली | बुधवार, सकाळी ८.५५

वाटलंच होतं. कंपनीच्या शाखेत भावाला आणि वडिलांना घेऊन स्वतः जा. ई-मेल बदलण्याचा अर्ज आणि रद्द करण्याचा अर्ज एकाच वेळी द्या. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार टाका. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं तर विमा लोकपाल. मराठवाड्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. पण तुमचं तिथवर जाणार नाही.

आणि तो प्रस्ताव अर्ज पूर्ण वाचा. भाऊ तंबाखू खातो?

सेलूकर | बुधवार, सकाळी ९.०२

खातो. चुना घरचाच. अर्जात "तंबाखू/गुटखा : नाही" असं आहे.

विमासखा | बुधवार, सकाळी ९.४०

हे वाचून मलाच लाज वाटली.

कलम ४५ सगळ्यांनी पाठ करा, १९३८ च्या विमा कायद्यातलं. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं कंपनी अर्जातली माहिती उकरू शकते. महत्त्वाची गोष्ट दडवली असं दिसलं तर दावा नाकारता येतो. फसवणूक सिद्ध होत नसेल, नुसती चुकीची माहिती असेल, तर भरलेले हप्ते परत देऊन मोकळी होते. तीन वर्षं उलटली की कुठल्याच कारणानं पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. शुगर, बीपी, तंबाखू, आधीचं ऑपरेशन, सगळं आपल्या हातानं लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. एजंट "राहू द्या हो, कशाला" म्हणाला तर तो एजंट बदला. हे मी म्हणतोय, एजंट असून.

बालाघाटी | बुधवार, रात्री ९.१०

दोन दिवस वाचतोय. सगळ्यांनी जोखीम पॉलिसीत शोधली, फंडात शोधली, मल्टिस्टेटमध्ये शोधली. आमच्या घरी ती पावसात होती.

अहमदपूर तालुका, सात एकर कोरडवाहू. आमच्या लोखंडी पेटीत वडिलांच्या तीन पॉलिश्या आहेत. तिन्ही बंद पडलेल्या. पहिली २०१२ च्या दुष्काळात, दोनच हप्ते भरून. दुसरी २०१५ ला थकली. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा ती चालू करा म्हणून कंपनीची पत्रं येत होती. तिसरी २०१८. तिन्ही कंपन्या शाबूत आहेत, तिन्ही पॉलिश्या "सुरक्षित" होत्या. पहिलीचा तर तेव्हाच्या नियमानं रुपया आला नाही, कारण तीन वर्षं पूर्ण नव्हती. (आता ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्ष पूर्ण भरलं तरी काही सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यावर परत मिळणारी रक्कम) द्यावं लागतं, एवढी सुधारणा झाली.)

तिन्हींचा हप्ता मार्चमध्ये, कारण विकल्या गेल्या मार्चमध्ये. आता मला सांगा, आपल्या भागात शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो? सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या पुढं-मागं. तूर, हरभरा विकला तर थोडा फेब्रुवारी-मार्चात, आणि तो पीककर्ज नवं-जुनं करण्यात जातो. मे-जूनमध्ये बी-खताला घरातलं मंगळसूत्र सुद्धा बाहेर पडतं. जो हप्ता नोव्हेंबरात हसत भरला असता, तोच मार्चमध्ये भरायला वडील शेकडा तीननं पैसे काढायचे. वर्षाला छत्तीस टक्क्यांनी काढून पाच टक्क्यांच्या पॉलिसीत भरायचे! दोन वर्षं असं केलं आणि तिसऱ्या वर्षी हात टेकले.

म्हणून सेलूकर, तुमच्या भावाच्या नावानं दरवर्षी तीन लाख, दहा वर्षं. आज मावेजा आहे म्हणून पहिले चार हप्ते जातील. त्या दहा वर्षांत किमान दोन दुष्काळ आणि एक सप्टेंबर २०२५ सारखा पूर धरून चाला. सातवा हप्ता कोण भरणार, कशातून? ह्याचं उत्तर साहेबांच्या टॅबमध्ये नसतं. पगारदाराला जी पॉलिसी चालेल ती शेतकऱ्याला चालेलच असं नाही, कागद एकच असला तरी.

भावाला आज काय पाहिजे ते सांगतो. प्रधानमंत्री जीवनज्योती, वर्षाला ४३६ रुपये, दोन लाख. सुरक्षा विमा २० रुपये, अपघाती दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, त्या दिवसांत खात्यात पैसे राहू द्या, नाहीतर कापले जात नाहीत आणि कुणी सांगत पण नाही. शिवाय शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे योजनेतून अपघाती मृत्यूला दोन लाख आहेत, साप, वीज, मोटारीचा शॉक सगळं धरून. हप्ता काही नाही, सरकार थेट अनुदान देतं. गावात निम्म्यांना माहीत नाही.

मांजराकाठ | बुधवार, रात्री ९.४५

बालाघाटी, शेकडा तीन आमच्या दुकानाचे तर नव्हते ना? (हलकं घ्या.)

बोललात ते खरं हाय. आमी तर डिसेंबरात हप्ता ठेवतो. आन् एक, धंदेवाल्यांनी ऐकून ठेवा. माझ्या दुकानावर बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) हाय. म्हणून मी टर्म पॉलिसी (माणूस गेला तरच पैसे देणारी) १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेतली. घेतानाच फॉर्मवर लिहावं लागतं, मागून होत नाही. उद्या मी गेलो तर त्या पैशाला बँक बी हात लावू शकत नाही, भाऊबंद बी नाही. बायको-लेकरांचा तो.

औंढेकर | गुरुवार, सकाळी ७.३०

बालाघाटींचा प्रतिसाद छापून शाखेच्या भिंतीवर लावावा असा आहे.

मास्तर, तुमच्यापुरतं : तुम्ही पगारदार, मागं पाच माणसं. एक कोटीचा टर्म साठीपर्यंत घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, साधारण बारा ते सोळा हजार वर्षाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. वडिलांचं वय ६६, म्हणजे पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यांना मिळते. ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के. पूर्ण तीस ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० हातात. हे व्याज घरात आलं की कुठला हप्ता झेपतो ते आपोआप कळेल.

विमासखा | गुरुवार, सकाळी ८.०५

टर्म माझ्याकडं पण आहे हो. कुणी मागत नाही. "मेलो नाही तर पैसे गेले" म्हणतात.

बालाघाटी | गुरुवार, सकाळी ८.२०

खळ्यावर राखण ठेवतो. चोर आला नाही म्हणून राखणदाराची मजुरी परत मागतो का?

पिंपळपार | गुरुवार, सकाळी ८.२२

आमच्या गावात मागतात.

सेलूकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०.००

उशिरा अपडेट देतोय, क्षमस्व.

परभणीला कंपनीच्या शाखेत तिघं गेलो. तिथल्या मुलीनं आधी "बँकेतूनच करा" म्हटलं. मी अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे "पोच द्या" एवढंच म्हणत राहिलो. चहा आला. पोच मिळाली. त्या संध्याकाळी बँकेच्या साहेबांचा फोन वडिलांना : "काका, पोरानं नुकसान केलं तुमचं." वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग तीन लाखांतले २,९८,६४० खात्यावर आले, तेव्हा पासबुक भरून आणलं आणि न बोलता माझ्यापुढं ठेवलं.

ज्येष्ठ नागरिक योजनेत २४ लाख टाकले. पाच-पाच लाखांच्या आत दोन वेगळ्या बँकांत ठेवी, एक सरकारी, एक खासगी. माझा टर्म विमा मेहुण्याकडूनच काढला, मेडिकलसाठी नांदेडला जाऊन आलो. हप्त्याची तारीख १० डिसेंबर. अर्ज मी स्वतः भरला, ओळ न् ओळ. भावाचे ४३६ आणि २० रुपये सुरू केले. तंबाखूचं काही होईना. मल्टिस्टेटवाल्यांना आईनंच वाटेला लावलं; गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता. फंडाचं माझ्या पगारातून महिन्याला तीन हजार, मुलगी अठराची होईपर्यंत बघणार नाही असं ठरवलंय. बघवतं का ते बघू.

उरले आठ-नऊ लाख. त्यावर वडील हटून बसलेत. म्हणतात, "जमीन गेली त्याचे पैसे, जमिनीतच जायला पाहिजेत." शेजारच्या शिवारात एक तुकडा आहे, सव्वा एकर, विहिरीत हिस्सा. मालक म्हणतो काही घोर नाही, व्यवहार सरळ आहे.

मी सातबारा काढला. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे आणि फेरफारात तीन बहिणींची नावं.

मांजराकाठ | रविवार, रात्री १०.१८

बहिणींचं हक्कसोड झालंय का? नोंदणी केलेलं, का नुस्तं स्टँपावर? गट नंबर टाका, नाहीतर नवा धागा काढा.